भिंतीपलीकडचे ठोके

धाकटा सैन्यातून परतला तेव्हा घरी ताई एकटीच होती. आईवडील जाऊन वर्षं लोटली होती. ताईने लग्नाचं मनावर घेतलं नव्हतं, आणि वह्या बांधायच्या कारखान्यात दुमडलेल्या कागदांचे फर्मे शिवून शिवून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. भाऊ धडधाकट परतला म्हणून शेजारपाजारचे तिला भेटून गेले. हात शाबूत, पाय शाबूत, आणखी काय हवं?

काहीतरी बिनसलंय हे तिला आठवडाभरातच कळलं. दुपारी साडेतीनला ती कामावरून यायची, तेव्हा हा स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावून उकिडवा बसलेला असायचा. हाक मारली की ओठांवर बोट ठेवायचा. त्या भिंतीला शेजार नव्हता. घर तिसऱ्या मजल्यावर, पलीकडे नुसती हवा.

"काय ऐकतोस रे?"

"काही नाही. तू चपला काढून चाल."

खाली कुणी गाडीचं दार आपटलं तरी तो पलंगामागे जाऊन बसे. तीन नोकऱ्या धरल्या, तिन्ही सुटल्या. इस्पितळाच्या कागदावर आजाराचं नाव होतं, पीटीएसडी, जबर धक्क्याने मनाला जडणारा आजार. पण अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज परत आला. आजार लढाईमुळेच जडला याला पुरावा नाही, असा शेरा होता. लढाईत काय झालं ते धाकटा सांगेना.

माजी सैनिकांच्या मदत कचेरीत एक म्हातारे हवालदार अर्ज भरून देत. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी फाइल चाळली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, आपण अपील करू, पण हा पठ्ठ्या वैद्यकीय मंडळासमोर ताठ उभा राहणार आणि म्हणणार, ठीक आहे साहेब. आमची जमातच तशी. घर पेटलं तरी म्हणू, जरा उकडतंय. तेव्हा तुम्ही लिहा. चाळीस दिवस. तारीख, वेळ, काय घडलं. रडगाणं नको, आणि पदरचं एक अक्षर नको."

ताईने कारखान्यातल्या उरल्यासुरल्या कागदांची वही शिवली आणि लिहायला बसली. 'तीन पस्तीस. भिंतीपाशी. पाऊण तास. घाम.' 'तीन चाळीस. भिंतीपाशी. जेवला नाही.' रोजचं तेच ते.

एकोणिसाव्या दिवशी धाकटा न्हाणीघरात होता. ताई भांडी पुसत होती, आणि भिंतीतून ठक ठक ठक असं वाजलं. मग जरा थांबून, ठक ठक.

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. नळ असेल, तिने स्वतःला समजावलं. पण त्या भिंतीत नळ नव्हता. परत तीन, परत दोन. आवाज घाईचा नव्हता. दार उघडेल याची खात्री असलेला माणूस वाजवतो तसा. तिने वहीत लिहिलं: 'तीन चाळीस. आवाज. तीन, थांबून दोन.' कुणी ऐकला ते लिहिलं नाही. धाकट्यालाही काही बोलली नाही. आधीच एक आजारी, त्यात दुसरीची भर कशाला!

सव्विसाव्या दिवशी तपासणीसाठी त्याला तीन दिवस इस्पितळात ठेवून घेतलं. घर सुनं झालं. आता आवाज यायचा नाही, असं तिला वाटलं. पण आवाज पहिल्याच दिवशी आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिने भिंतीवर तळवा ठेवला, तर पलीकडून कुणी तिथेच वाजवावं तसा हादरा हाताला लागला. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. भीती तर होतीच, पण कुणी इतका वेळ हाक मारतंय आणि आपण गप्प, याची लाज जास्त वाटली. तिने बोटाच्या पेराने भिंतीवर तीनदा वाजवलं.

पलीकडे सगळं शांत झालं. कानाला दडे बसल्यासारखी शांतता. ती अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिली.

पुढे मंडळाची तारीख आली. लांब टेबलामागे तिघं होते, मधोमध डॉक्टरीणबाई. काका म्हणाले तसंच झालं. धाकटा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसला.

"झोप लागते?"

"लागते, बाईसाहेब."

"आवाज वगैरे?"

"नाही. ठीक आहे."

ताईने वही पुढे सरकवली. बाई एकेक पान वाचत गेल्या, मग मागची पानं पुन्हा उलटली.

"या तीन तारखांना हे आमच्याकडे भरती होते. घरी नव्हते. मग या नोंदी कशा?"

काकांनी डोळे मिटले. खोटं बोलावं तर वही वाया, खरं बोलावं तर आपण वेडे.

"त्या माझ्या आहेत," ती म्हणाली. "तो नसतानाही आवाज आला. मीच ऐकला."

"तुम्ही यांच्यासोबत राहता. टेबलावर यांची बोटं वाजत असतील, तो ठेका तुम्ही नकळत उचलला असेल. होतं असं."

"मी कधीच वाजवलं नाही." धाकटा बोलला, तेव्हा खोलीत कुणी नवीनच माणूस आल्यासारखं वाटलं. "ताई खोटं बोलत नाही, बाईसाहेब. तीन म्हणजे 'मी आहे'. दोन म्हणजे 'तू आहेस का?' आमच्या दोघांत ठरलं होतं, माझ्यात आणि माझ्या जोडीदारात, हसऱ्यात. बंकर ढासळला. तो मातीपलीकडे, मी अलीकडे. शत्रूची माणसं डोक्यावर फिरत होती. हुकूम होता, आवाज करायचा नाही. तो दुपारभर विचारत होता. मी हात मातीवर ठेवून पडलो होतो. उत्तर दिलं नाही. संध्याकाळी थांबला."

बाईंनी त्या तीन तारखांतली शेवटची नोंद हळू आवाजात वाचली. "'आज मी तीनदा वाजवलं. मग आवाज थांबला.'"

धाकटा ताईकडे वळला. "तू उत्तर दिलंस?"

"दिलं रे."

"इस्पितळातून परत आल्यापासून मलाही ऐकू येत नाही. मला वाटलं, रुसला." आणि तो टेबलावर डोकं टेकून रडला, तोंडातून आवाज न काढता, कुणी ऐकू नये असा.

बाईंनी त्याच्या तुकडीच्या नोंदी मागवल्या. बंकर, तारीख, गेलेल्याचं नाव, सगळं जुळलं. दोन महिन्यांनी पत्र आलं, पेन्शन मंजूर. काकांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आता चष्मा पुसायला हवा."

धाकटा बरा झाला असं नाही. गाडीचं दार आपटलं की अजून दचकतो, चार शब्दांत दिवस काढतो. मंडळातल्या बाईंनी ताईलाही चिठ्ठी लिहून दिली होती, दर गुरुवारी समुपदेशनाला यायची. ती टाळाटाळ करत होती. शेवटी धाकट्यानेच तिला नेलं, बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः खिडकीवर जाऊन तिचं नाव नोंदवून आला.

"आत जा," तो म्हणाला. "मी इथेच आहे."