हौसेरावाच्या कपारीतला उजेड

काळी रबरी कडी... कुकरच्या झाकणाला असते तसलीच, फक्त बांगडीहून लहान — ऋताने ती बत्तीच्या मानेवरून सोडवली, बोटांवर ताणली, कुठे तडा नाही ना ते पाहिलं. कडी शाबूत, तर बत्तीत पाणी शिरत नाही; तिने ती परत जागेवर बसवली.

जासईच्या या दुकानात बोटींवरून उतरवलेला माल मिळे — दोरखंड, कपबशा, आणि पाण्याखाली चालणाऱ्या बत्त्या, नव्याहून कितीतरी स्वस्त. दुकान यशोदाबाईंचं. त्या मघापासून ऋताकडे, मांजर मोरीतून काय ओढून आणतंय अशा नजरेने पाहत होत्या.

"रातचे दर्यान जाऊन मासली पकरतंस?"

"पकडत नाही, मावशी. बघायला जाते. लक्षद्वीपला."

"बघायला! अगो, आमचे बाजारान ये ना. फुकट बघ, भाव पन विचारू नको!"

ऋता हसली. चैत्रात नवरा, आशुतोष, काविळीने गेल्यापासून तिला हसताना आधी घसा खाकरावा लागे. डिसेंबरची दोन तिकिटं त्यानेच काढली होती. एक तिने परत केलं, दुसरं करता आलं नाही. सोबत पाण्यात तिथला बुडी मारायला शिकवणारा उतरणार होता. बत्ती मात्र स्वतःची हवी — आजवर दोघांत एकच, तिथेच भाड्याने घेतलेली, आणि ती आशुतोषच्या हातात.

आता समोर दोन होत्या. एकीचा झोत रुंद, मोगऱ्यासारखा फुलणारा. दुसरीचा अरुंद, सुईसारखा, पार कपारीच्या तळाशी पोचणारा. आणि इथेच सगळं अडलं होतं, कारण लक्षद्वीपच्या समुद्रातल्या एका कपारीत हौसेराव होता.

हौसेराव म्हणजे मासा. आशुतोषच्या मते वय शंभर, अंग रेड्याएवढं, कपाळावर आठ्या. बत्ती मिचकावली की तो बाहेर येऊन घरची चौकशी करतो. कोपरखैरण्याच्या सोसायटीत ही कथा त्याने इतक्यांदा सांगितली की चार बिऱ्हाडांनी हौसेरावाला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. ऋताला तो कधी दिसला नाही. ती वळून बघेपर्यंत उजेड कपारीवरून निघालेला असे... मग अरुंद झोत घ्यायचा, आत टाकायचा, आणि तिथे नुसता दगड निघाला तर? माणूस गेला, आता त्याची थापही माझ्याच हाताने संपवू?

तिने पिशवीतून बाटली काढली. तांदळाचं धुवण. आशुतोषची रीत — स्वच्छ पाण्यात सगळ्याच बत्त्या गुणी दिसतात, गढुळात पारखावं. दुकानातल्या पाण्याने भरलेल्या पिंपात तिने धुवण ओतलं, अंधारासाठी डोक्यावरून गोणपाट ओढलं आणि आत वाकली.

"काय गो, पिंपान भात शिजवतंस?" बाहेरून यशोदाबाई.

रुंद झोत टाकताच सगळं पांढरं झालं, धुक्यात मोटारीचे दिवे लावावेत तसं. अरुंद झोत मात्र ते चिरत खाली गेला. तळाचा गंज दिसला. निवड झाली होती. मन तेवढं मानेना. तिने बत्ती कलती केली, आणि झोत तिच्याच बुडवलेल्या डाव्या हातावर पडला —

ती थबकली. हेच. उजेड कपारीवरून निघून इथेच यायचा, तिच्या हातावर. अंधारात चेहरा दिसत नाही. जोडीदार हातावर उजेड टाकून विचारतो, ठीक ना? मग आपण अंगठा नि तर्जनी जुळवून गोल दाखवायचा, म्हणजे ठीक. ती कपारीकडे वळायची, नेमक्या त्याच वेळी त्याला काळजी वाटायची. दर वेळी. आणि ती वर आल्यावर भांडायची — मला काही बघूच देत नाहीस!

...इतकी वर्षं तो काय बघत होता, ते तिला इथे कळावं, गोणपाटाखाली.

"बेस हाय ना?" यशोदाबाईंनी विचारलं. बत्तीबद्दलच.

ऋताने झोत हातावरच धरून ठेवला. कपारीत काय असेल याची भीती कुठेतरी विरघळली होती, आणि तिच्या जागी जे आलं त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. दुधाळ पाण्यात तो हात एकटाच उजळलेला होता. अंगठा हलला, तर्जनी त्याच्याकडे वाकली. गोल पुरा व्हायला दोघांमध्ये थोडं पाणी उरलं, तेवढं मात्र सरेना.