बिनआवाजाचा मिक्सर

कंपनीत त्याला सगळे संशोधक म्हणायचे आणि घरी बायको म्हणायची उपद्व्यापी. खरं सांगायचं तर बायकोच्या बाजूने पुरावे जास्त होते. टाळी वाजवली की दार उघडणारा फ्रिज याचाच. घरात मॅच बघताना टाळ्यांचा कडकडाट झाला, रात्रभर दार सताड उघडं राहिलं आणि आइस्क्रीमचं सरबत झालं. मग शर्टाची स्तुती करणारी इस्त्री आली. ती फरशी पुसायच्या फडक्याचीही तेवढीच स्तुती करायला लागली, तेव्हा तिच्यावरून लोकांचा विश्वास उडाला. शेवटी साहेबांनी निक्षून सांगितलं, की यापुढचं यंत्र फसलं तर ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसावं लागेल.

त्या टेबलाच्या धास्तीने त्याने जन्मात पहिल्यांदा कामाची वस्तू बनवली: अजिबात आवाज न करणारा मिक्सर. ऑफिसात चाचणी झकास झाली. पण साहेब दुधाने तोंड पोळलेले, ताकही फुंकून पिणार. घरच्या वापरात बघतो म्हणाले आणि रविवारी सकाळी येऊन थेट सोफ्यावर बसले. शेजारी संशोधकाची आई बसली आणि तिने साहेबांना आपल्या गुडघ्यांची कहाणी सांगायला घेतली.

बायको स्वयंपाकघरात गेली. मिक्सर आजच घरात आला होता आणि तिला तो मुळीच नको होता. जुनाच बरा, एवढंच ती म्हणत होती. का ते सांगत नव्हती. तिने टोमॅटो टाकले, झाकण दाबलं, बटण फिरवलं आणि रोजच्या सवयीने मोकळ्या गळ्याने बोलायला लागली.

"घ्या, करा आता यांच्यासाठी सूप. सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरी येऊन बसतो हा माणूस, स्वतःचं घर नाही का याला? आणि आमच्या आई. घरात भांडं उचलायचं म्हटलं की गुडघे दुखतात, शेजारणीकडे जाताना मात्र हरणासारख्या पळतात. आमचे शास्त्रज्ञ तर सगळ्या जगाचा आवाज बंद करतील, स्वतःचं घोरणं सोडून."

हॉलमध्ये शब्द न् शब्द पोचला. आईने गुडघ्यावरचा हात हळूच काढून घेतला. गेली नोकरी, असंच संशोधकाला वाटलं.

बायको सूपचे वाडगे घेऊन बाहेर आली, तिने सगळ्यांचे चेहरे बघितले आणि काय झालं ते तिला कळलं. कपाळावर हात मारून घ्यायला तिचा एकही हात रिकामा नव्हता.

"मिक्सर चालू होता?" साहेबांनी विचारलं.

"हो," ती पुटपुटली.

"रोज बोलता असं?"

"मिक्सर लावला की. एरवी कुठे बोलायचं?"

"मीही लावते दुपारी," आई म्हणाली. "ही बाहेर कपडे वाळत घालायला गेली की."

साहेबांचा सूप ढवळणारा चमचा थांबला.

"आमच्या घरी रोज रात्री अर्धा तास मिक्सर चालतो," ते म्हणाले. "आणि ताटात येतात नुसते टोस्ट."

संशोधकाला साहेबांची दया आली, पण त्या टेबलाची भीती दयेपेक्षा मोठी होती. त्याने चाचरत विचारलं, की मग मिक्सर पास समजायचा का.

"पास," साहेब म्हणाले. "हजार बनवा, लाख बनवा. फक्त आमच्या घरी एकही जाऊ देऊ नका."