पंप बदलला, तोही एकट्यानं

“आधीच सांगून ठेवतो, तुमचा विश्वास बसणार नाही,” असं म्हणत पायलटनी खुर्ची टेबलापासून हातभर मागे सरकवली. मोठी गोष्ट सांगायची तर हात पसरायला जागा लागते.

समोर मुलगी, तिच्या शेजारी जावई, आणि मुलीच्या मुठीत गाडीची किल्ली. बायको स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती, चेहऱ्यावरची माशीही हलू न देता.

पायलट हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी शहरातली बस हाकली, आणि मागच्या सीटवरची माणसं दर खड्ड्याला छताला अशी भिडवली, की ते नाव प्रवाशांनीच त्यांना बहाल केलं. आणि अशा माणसाला, पोटच्या पोरीनं, गेल्या रविवारी तोंडावर सांगितलं होतं, “बाबा, तुमच्या हातात आता जोर राहिला नाही.”

आठ दिवस झाले, तरी अंगाचा तिळपापड शमला नव्हता.

आता चूक त्यांचीही होती. पण ती अशी, की जुना बस ड्रायव्हरच ती करू जाणे. त्यांच्या बसला पॉवर स्टीअरिंग नव्हतं. वळण आलं की सीटवरून अर्धं उठून, दात खाऊन चाक ओढावं लागे. त्यामुळे स्वतःच्या गाडीचं हलकं स्टीअरिंग त्यांना कधी पटलंच नाही. “हे काय, ताकात रवी फिरवल्यासारखं!” म्हणायचे. चार महिन्यांपूर्वी त्या गाडीचा स्टीअरिंगचा पंप कण्हायला लागला, तेल गळायला लागलं, चाक जडशीळ झालं, आणि पायलट खूश! “आता कुठं गाडीच्या अंगात जान आली,” असं शेजाऱ्यांना सांगत सुटले.

मग मुलगी एक दिवस गाडी घेऊन गेली. कोपऱ्यावर तिनं चाक फिरवलं, ते फिरेना, आणि गाडी सरळ फूटपाथवर चढून फुलवाल्याच्या सहा बादल्या आडव्या करून थांबली. माणूस कुणी चाकाखाली आला नाही एवढंच नशीब.

मेकॅनिक आला. त्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नाही! खिडकीतून हात घालून चाक हलवलं, आणि म्हणाला, “भंगारात द्या, काका. तुमचं वय झालं, तिचंही झालं.”

“बॉनेट न उघडता!” पायलटनी आत्ताही टेबलावर थाप मारली, तशी ताटं नाचली. “डॉक्टरनं पेशंटचे बूट बघून सांगावं की हा जाणार, तसं! आणि तुम्ही दोघं माना हलवताय!”

“मी नव्हती हलवली,” जावई म्हणाला.

“जावईबापू, तुम्हीच जास्त हलवलीत.”

मुलीनं किल्ली तेव्हाच पर्समध्ये टाकली होती. सोमवारी भंगारवाला येणार होता. “पंप मीच बदलतो,” म्हणून पायलटनी आकाशपाताळ एक केलं, तेव्हा ते हातांबद्दलचं बोलून झाल्यावर तिनं शेवटी एवढं कबूल केलं होतं: रविवारपर्यंत किल्ली देते, पंप बदला, गाडी नीट वळली तर ती कायमची तुमची. “पण आईला यात ओढायचं नाही. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेत. ती गाडीच्या आसपास जरी फिरकली, तरी गाडी गेली समजा.”

“मग काय,” पायलट सांगू लागले, “काल सकाळी सहाला अंगणात गाडी घेतली. जॅक लावला. जॅक गंजलेला, निम्म्यात बसला. म्हटलं, बस बाबा तू! बंपरला खांदा लावला, अन् उचललं पुढचं धूड. डाव्या हातानं खाली ठोकळे सारले.”

“खांद्यावर गाडी?” जावयानं घास तोंडापाशीच थांबवला.

“पुढचीच बाजू. सगळी गाडी उचलली असं मी कुठं म्हणतोय? खोटं बोलायची सवय नाही मला.”

बायकोला ठसका लागला. पायलटनी तिच्याकडे न बघता आवाज चढवला.

“पट्टा काढला. जुनं तेल काढलं, काळं, डांबर परवडलं. नळ्या सोडवल्या. तीन बोल्ट होते. दोन निघाले. तिसरा असा आडमुठा, की पाना वाकला!”

“पाना वाकला?” मुलीनं विचारलं.

“इंद्रधनुष्यासारखा. मग मी त्या बोल्टकडे नुसतं रोखून बघितलं. जसं विनातिकीट बसणाऱ्याकडे बघायचो ना, तसं. निघाला मुकाट्यानं.”

जावई हसून हसून मागे कलला. मुलगीही हसली, पण पायलटना ते हसणं झोंबलं. “हसा! हात गेले होते ना माझे? पंपाची पुली काढायला लोकांना ती ओढून काढायचं यंत्र लागतं. मी या दोन हातांनी ओढली. या! ज्यांच्यात जोर राहिला नाही, त्या!” त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर पालथे टाकले. नखांत अजून काळं होतं, अंगठ्याला पट्टी होती. तेवढं मात्र शंभर टक्के खरं होतं. “नवा पंप बसवला. वायसर नवे. जुने घालणारे मेकॅनिक असतात, मी नाही.”

मुलगी त्या हातांकडे बघत राहिली. तासाभरापूर्वी तिनं स्वतः गाडी गल्लीतून फिरवून आणली होती, आणि चाक एका बोटानं वळत होतं. बाकीच्या थापा थापाच असतील, पण गाडी वळत होती. तिनं मूठ उघडली, किल्ली टेबलावर ठेवली आणि बोटानं वडिलांकडे सरकवली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “हातांबद्दल बोलायला नको होतं.”

पायलटनी खुर्ची पुन्हा टेबलाजवळ ओढली. इथं त्यांनी गप्प बसून किल्ली खिशात टाकावी की नाही? पण जावयाला खरंच काही शिकायचं होतं.

“बाबा, नळ्यांत हवा राहते म्हणतात. ती कशी काढलीत?”

“अहो, तीच तर कलाकारी!” पायलट उभेच राहिले. “इंजिन बंद. पुढची चाकं अधांतरी. आता स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, वीस वेळा. फिरवता फिरवता इकडे तेलाच्या डब्यात डोळा लावून बुडबुडे बघायचे, आणि तेल खाली गेलं रे गेलं की ओतायचं. क्षणभर हात थांबला की हवा पुन्हा आत! मी तर थांबलोच नाही. एकीकडे चाक फिरतंय, एकीकडे माझी धार चालू आहे...”

दारातून बायको हळूच म्हणाली, “अहो, पुरे. जेवण गार होतंय.”

मुलीचा हात पुढे आला आणि किल्लीवर पालथा पडला.

“खोटं! डबा बॉनेटखाली, स्टीअरिंग आत, मध्ये पुढची अख्खी काच. तुम्ही बाहेर तेल ओतत होतात, तर चाक आईच फिरवत होती ना, बाबा?”