पन्हळीतलं पीठ

नेकबख्तने पन्हळीत हात घातला, बोट तळाशी घासून वर काढलं. नखात पांढरट, चिकट लगदा आला. कणीक ओळखायला तिला कोणा शिकलेल्याची गरज नव्हती. पीठ तिच्याच घरचं होतं.

"एकशे आठ, एकशे नऊ, एकशे दहा," पाटकरी मुबोरकशो मोठ्यांदा मोजत होता. त्याने सोडलेली काडी आत्ता कुठे पन्हळीच्या टोकाला पोचली. "जुन्या फळ्यांवरून नव्वदात यायची. मावझूना, पोरी, तू पाण्याला धावायला शिकवणार होतीस ना? हे तर काठी टेकत आलं!"

कड्यावरच्या अरुंद वाटेवर उभं असलेलं गाव हसलं. खालच्या अंगाच्या आठ घरांपैकी मात्र कोणी हसलं नाही. गावचा पाट कड्यावरून या लाकडी पन्हळीतून जातो. तिथे उतार कमी, आणि खडक फोडून तो वाढवता येत नाही. पाणी पन्हळीत रेंगाळतं, काठावरून दरीत सांडतं आणि त्या आठ घरांच्या जवापर्यंत धड ओलही पोचत नाही.

मावझूना नेकबख्तची नात. राजधानीला, दुशान्बेला जाऊन पाण्याचंच शिकली. आमच्या नदीत बिनखवल्यांचा मासा आहे, मुठीत धरला की सटकतो. पाणीही त्याच्या बुळबुळीत अंगाला न अडता निघून जातं, असं ती म्हणायची. त्याच्या कातडीसारखं अस्तर तिने पन्हळीसाठी करवून आणलं. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं, छिद्रांत मुरवलेलं तेल, आणि त्या तेलावरून पाणी घसरत जाणार.

"मासा कधी पाट बांधतो का गं?" नेकबख्तने तेव्हा विचारलं होतं.

"नाही आजी. पण विचारलं तर सांगतो. गावातल्या म्हाताऱ्यांसारखं नाही."

अस्तर बसल्यावर परवा मुबोरकशोने काडी सोडून पाहिली, तर ती साठात पोचली होती. म्हणून तर आज जिल्ह्याहून साहेब आले होते.

आमच्याकडे नव्या वस्तूला शकुनाचं पीठ लावल्याशिवाय ती वापरत नाहीत. घराचा खांब असो, पाळणा असो की परगावी निघालेल्या लेकराचा खांदा, चिमूटभर पीठ पुरतं. पण नातीच्या कामाला चिमूट टाकायला नेकबख्त काय शेजारीण होती? आज उजाडताच, कोणी यायच्या आत, ती तबकभर पीठ घेऊन गेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लावत सुटली. चांगलं दाबून लावलं. तेलावर ते असं बसत होतं की तिला धन्य वाटलं. मग पाणी सोडलं, पाण्याबरोबर गाळ आला, आणि पिठात बसला.

साहेबांनी वही मिटली. "हे अस्तर काढा. जुन्या फळ्या परत बसवा, उद्या माणसं पाठवतो. आणि बाई, खालच्या चार गावांचं काम तुम्हाला द्यायचं चाललं होतं. ते आता नाही."

"माझंच चुकलं," मावझूना हळू म्हणाली. "तेल पातळ झालं असेल."

नेकबख्तने ते ऐकलं. त्या घरात 'माझं चुकलं' म्हणायची पद्धत नव्हती. बहात्तर वर्षांत तिने ते एकदाही म्हटलं नव्हतं. नवरा म्हणायचा, पण त्याचं सोडा.

"मी आमच्या जवाला काय सांगू?" खालच्या अंगाची सफरमो पुढे आली. "तेल पातळ होतं, तू वाळ बाबा?"

पीठ लावताना नेकबख्तला कोणी पाहिलं नव्हतं. आणि जो पाट बिघडवील त्याची पाण्याची एक पाळी जाते, हा गावचा नियम. सफरमोच्या गायीने गेल्या साली पाटाचा काठ तुडवला, तेव्हा 'गाय काय न् माणूस काय, पाळी गेलीच पाहिजे' म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडली ती नेकबख्तच. तिची स्वतःची पाळी उद्यावर आली होती. बटाटा फुलावर होता. उद्या चुकली की पुढची बारा दिवसांनी.

तिने ओला हात झग्याला पुसला.

"साहेब, फळ्या राहू द्या. तेल बरोबर आहे. पीठ जास्त झालं."

"कसलं पीठ?"

"गव्हाचं. माझं. सकाळी मी लावलं."

"किती?" मुबोरकशोने विचारलं.

"तबकभर."

"तबकभर! आजी, पन्हळीला आशीर्वाद दिलास की भाकऱ्या थापल्यास?"

"हस. तुझ्या लग्नात तुझ्या आईने हात आखडून चिमूटच टाकली होती. बघ कशी बायको मिळाली ती."

या वेळी खालची आठ घरंही हसली. मुबोरकशोची बायको सगळ्यांत जास्त हसली.

पाणी वरच्या तोंडाशी अडवलं. मावझूनाने मऊ फडकी आणि तेलाचा डबा आणला. नेकबख्त पन्हळीवर ओणवी झाली आणि कोणाला जवळ येऊ न देता अर्धी पन्हळ एकटीने पुसली. उरलेली अर्धी पुसायला मग बायका न विचारताच बसल्या. साहेब मीठ घातलेला दुधाचा चहा पीत थांबले. दुपारी काडी सोडली, ती बासष्टात पोचली. साहेबांनी वही उघडली आणि काहीतरी खोडलं.

परतताना मावझूना म्हणाली, "आजी, तू गप्प राहिली असतीस तरी कोणाला..."

"तेल पातळ म्हणे! मान वर करून चालायला शिक आधी."

सफरमो मागून येत होती. नेकबख्त वळली. "उद्याची माझी पाळी तुझी. पूर्ण घे. उपकार केल्यासारखं अर्धं पाणी सोडशील तर याद राख."

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तेव्हा पाट भरून वाहत होता. नेकबख्तच्या बटाट्याची पानं मलूल होऊन झुकली होती. तिच्या शेताच्या तोंडाला लावलेल्या मातीच्या बुचातून बोटभर पाणी आत झिरपत होतं, आणि कडेची दोन रोपं तेवढी ताठ होती.

सफरमो खांद्यावर फावडं घेऊन बांधावरून चालली होती. ती थबकली.

"राहू दे गं," ती म्हणाली. "एवढ्याने मला काय कमी पडतंय?"

बांधाकडेचं गवताचं एक ढेकूळ मुळांसकट कापून नेकबख्तने त्या झिरपत्या बुचावर बसवलं, आणि झिरपणं थांबेपर्यंत ते टाचेने दाबत राहिली.