थांब म्हटल्यावर थांबणारं

"माठाचं झाकण कुठाय?"

शेजारच्या वहिनीचा आवाज भिंतीवरून आमच्या अंगणात आला आणि मी हातातला कोयता खाली ठेवला. आता निदान पाव तास तरी माझ्याच्यानं काम होणार नव्हतं.

"गाडीत आहे," तिचा नवरा म्हणाला.

"गाडीत इंजिन नाही, अन् झाकण मात्र आहे! पाण्यात पुन्हा माशी पडलीय. बारा दिवस झाले, उघडं पाणी पितोय आम्ही."

"ताटली ठेव की."

"ताटली वाऱ्यानं उडते. माणूस मात्र जागचा हलत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही!"

वहिनी तशी जिभेची तिखट आणि मनाची मऊ, पण त्या दिवशी तिलाही माहीत होतं की आपण माशीवरून भांडत नाही आहोत. आत खाटेवर ताई होती. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. तिची मूत्रपिंडं थकली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी उतार उतरून खालच्या गावच्या दवाखान्यात तिचं रक्त यंत्रातून धुऊन आणावं लागे. पिकअपच्या हौद्यात गादी टाकायची, उशी द्यायची आणि सावकाश न्यायचं. दोन वर्षं हे चाललं होतं. ह्या बारा दिवसांत मात्र सगळं विस्कटलं.

काय झालं ते सांगतो. उतारावरच्या तिसऱ्या वळणावर गाडी अचानक किंचाळायला लागली. ह्यानं पायाखालचा दाब सोडला, तरी वेग वाढतच गेला. चावी फिरवली. चावी काढून हातात घेतली. तरी इंजिन चालूच! क्लच आणि ब्रेक दोन्ही पायांनी दाबून हा बसला, मागं ताई गादी घट्ट धरून. पांढरा धूर असा की रानातनं येताना वळणाच्या दगडाशी थबकलेला मी मला स्वतःलाच दिसेना. दोन-तीन मिनिटं ते भूत ओरडत राहिलं, मग धाडकन आवाज झाला, इंजिनाच्या पोटाला भोक पडलं आणि सगळं गप्प. त्या शांततेत हौद्यातून ताईचा बारीक आवाज आला, "संपलं का रे?"

तो प्रश्न ह्याच्या कानातून गेलाच नाही. इंजिनाचं विचारलं की स्वतःचं, कोण जाणे.

मागाहून गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं समजावलं, "डिझेलला ठिणगी लागत नाही. आतले रबर झिजले की ते स्वतःचंच तेल प्यायला लागतं. मग चावी काढा, डिझेल बंद करा, ते कुणाचं ऐकत नाही. त्याचा श्वास कोंडायचा, एवढाच उपाय. हवेच्या तोंडावर एखादी फळी दाबली असती तरी वाचलं असतं."

त्याच संध्याकाळी माठावरचं जाड लाकडी झाकण गाडीत गेलं, आणि गावानं त्याला 'झाकण्या' नाव ठेवलं. कुणी हसलं की तोही हसायचा. पण रस्त्यावरनं दुसऱ्याची गाडी जोरात गेली तरी हा भिंतीला चिकटून उभा राहायचा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि ह्याचं तर काळीजच पोळलेलं.

मागच्या शुक्रवारी ताईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेलं. धक्क्यांनी हातावरची सुईची जागा उघडली, चादर लाल झाली. डॉक्टरीणबाई चिडल्या, "असं परत आणू नका. आणि न आणून तर मुळीच चालणार नाही." आज रविवार होता. ताईच्या पायाला सूज अशी की अंगठा दाबला तर खळगा भरून यायला वेळ लागे. परवा मंगळवार. म्हणून आजच इंजिन निवडायचं, उद्या बसवायचं.

"काका, येता का?" त्यानं मला विचारलं. "मला ते जमेल असं वाटत नाही."

मी निघालो. मिस्त्री होताच. हा झाकण काखेत मारूनच निघाला, आणि वहिनीनं ह्या वेळी काही म्हटलं नाही.

जुन्या इंजिनांचं आवार म्हणजे लोखंडाचं स्मशान. पहाटेचं धुकं अजून पत्र्यांवर लोंबत होतं, तेल पिऊन काळी पडलेली माती पायाला चिकटत होती. कडेला आडव्या-उभ्या इंजिनांच्या रांगा, आणि मधोमध लोखंडी घोडीवर एक चंदेरी रंगवलेलं इंजिन आधीच चालू. आवारवाले शेठ त्याच्याशेजारी नवरदेवाच्या बापासारखे उभे.

"ऐका! आहे का आवाज? मांजर झोपल्यागत!"

खरंच गोड चाललं होतं. मला तर पाहताक्षणी आवडलं. मिस्त्रीनं मात्र तोंड वाकडं केलं. "आम्ही यायच्या आधीच तापवून का ठेवलंत, शेठ? मला गार इंजिन सुरू होताना बघायचंय. बंद करा, तासभर निवू द्या."

"निववाल हो, घाई काय! आधी त्याचा दम तर बघा!" असं म्हणून शेठनी हातानं दाब दिला.

इंजिन गुरगुरलं. शेठनी हात काढला. गुरगुर खाली आलीच नाही. ती चढत गेली. शेठचं हसू तोंडावरच राहिलं आणि डोळे बदलले. त्यांनी बंद करायची तार ओढली. काही नाही. डिझेलची नळी उपटली, ती मातीत पडून टिपकत राहिली, आणि इंजिन बिनडिझेलचंच किंचाळत सुटलं. घोडीचे पाय जमिनीवर नाचायला लागले. पांढरा धूर आमच्यावर आला.

"पळा! फुटतंय!" मिस्त्री ओरडला.

मी देवाचं नाव घेतलं आणि पळालो. खरं सांगायचं तर नाव अर्धंच घेतलं, पळालो मात्र पुरता. पत्र्यांच्या ढिगामागं पोचलो तर तिथं झाकण्या आधीपासूनच उभा. आवारात आल्यापासून तो तिथंच लपून राहिला होता. तोंड पांढरंफटक, झाकण छातीशी घट्ट धरलेलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पण मी त्याला दिसलो असेन असं मला वाटत नाही. त्याला तिसरं वळण दिसत होतं.

"ताई," तो म्हणाला. आणि गेला.

सगळे बाहेर पळत असताना हा एकटा आत. धुरात त्याची फक्त पाठ दिसत होती. हवेच्या उघड्या तोंडावर त्यानं झाकण नेलं, आणि इंजिननं ते त्याच्या हातातून ओढूनच घेतलं, चप्पदिशी. तरी त्यानं दोन्ही तळवे वरून दाबून धरले. इंजिन अडखळलं, ढास लागलेल्या म्हाताऱ्यासारखं तीनदा खोकलं, आणि मेलं.

एवढी शांतता मी कधी ऐकली नाही. पत्र्यावरनं दव ठिबकताना ऐकू येत होतं.

"सोड आता," मिस्त्री हळूच म्हणाला. "सोड बाबा, थांबलंय ते."

त्याची बोटं सुटेनात. मी एकेक करून सोडवली. मग तो बाजूला जाऊन ओकला. मी देवाचं नाव घेत पळालो होतो. त्यानं नाव न घेता झाकण घेतलं होतं. कुणाची भक्ती खरी, हे मला कुणी विचारू नये.

मिस्त्रीनं तेल मापायची पट्टी बाहेर काढली. तेल खुणेच्या चार बोटं वर, आणि काकवीसारखं दाट. "आवाज दबावा म्हणून जाड तेल गळ्यापर्यंत ओतलं होय? वरून कीर्तन, आतून तमाशा!"

शेठ घाम पुसत म्हणाले, "मला असंच मिळालं, आईशप्पथ."

झाकण्यानं तोंड पुसलं आणि कोपऱ्यात बोट दाखवलं. "ते."

ते इंजिन गंजलेलं, धुळीनं भरलेलं. हवेच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलेलं, जाळ्यात दव.

"ते खडखडतं हो," शेठ म्हणाले.

"खडखड ऐकू येते ना? म्हणजे कुणी दाबलेली नाही," मिस्त्री म्हणाला. त्यानं हात ठेवून पाहिला. ओढ्यातल्या दगडासारखं गार. तेल पट्टीवर खुणेइतकंच. तिसऱ्या हिसक्याला ते सुरू झालं, थोडा धूर सोडला, मग धूर निवळला. मिस्त्रीनं तेलाचं बूच उलटं करून नुसतं भोकावर ठेवलं. आतून झिजून पोट फुगलेलं इंजिन ते उडवून देतं. बूच जागचं हललं नाही.

"घे. चांगलंय."

पण झाकण्या पुढं झाला. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात बंद करायची तार. ओढली. इंजिन थांबलं. त्यानं पुन्हा सुरू करायला लावलं. वेग चढवला, तार ओढली. थांबलं. असं सात वेळा.

शेठ कंटाळले. "अहो, लोक सुरू होतंय का ते बघतात!"

"मीही तेच बघायचो," तो म्हणाला. "चालणारी पुष्कळ आहेत, शेठ. मला थांब म्हटल्यावर थांबणारं पाहिजे."

सोमवारचा अख्खा दिवस इंजिन बसवण्यात गेला. मंगळवारी सकाळी गादी टाकली, ताईला उचलून ठेवलं. मी तिच्या उशाशी बसलो. वहिनी घरातनं आली आणि झाकण तिनंच ताईच्या मांडीवर ठेवलं. त्यावर हवेच्या तोंडाचा गोल वळ उमटला होता.

"माठाचं काय?" मी विचारलं.

"माठाला दगड ठेवलाय ताटलीवर," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

गाडी खडखडत निघाली. उतार लागला. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. पापणी लवत नव्हती. पहिलं वळण. दुसरं. ताईनं झाकण दोन्ही हातांनी धरलं होतं, सुजलेली बोटं पांढरी पडली होती. मीही काही धीराचा नव्हतो.

तिसऱ्या वळणावर त्यानं गाडी कडेला घेतली. मी खाली उतरून चाकाला दगड लावला. त्यानं तार ओढली आणि इंजिन बंद झालं.

वारा तेवढा ऐकू येत होता. खाली दवाखान्याचं छप्पर दिसत होतं.

ताईनं डोळे मिटूनच विचारलं, "संपलं का रे?"

"नाही ताई." तार अजून त्याच्या मुठीत होती. "थांबलंय. मी थांबवलंय."

त्यानं तार आत ढकलली. मग त्यानं चावी फिरवली, आणि मी चाकाचा दगड काढला.