बिनरोलचा कॅमेरा

देवळीच्या बसस्टँडसमोर आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे माझ्या मोठेबाबांचा, वडिलांच्या थोरल्या भावाचा. नाव कवडू. फोटोग्राफीतलं त्यांचं तत्त्व एकच: रोल वाचला पाहिजे.

रोलच्या जमान्यात ते लग्नाला दोन कॅमेरे न्यायचे. उजव्या खांद्यावरच्यात रोल असायचा. डाव्या खांद्यावरच्यात फक्त फ्लॅश, आत हवा. नवरा-नवरी, आईवडील, सरपंच उजव्यात. "आमचाबी एक काढा ना भाऊ" म्हणत येणारे सगळे डाव्यात. फ्लॅश चमकला की माणूस खूश होऊन जेवायला जायचा. अल्बममध्ये फोटो का नाही असं कोणी विचारलंच, तर मोठेबाबा गंभीरपणे सांगायचे, "रोल धुताना लाइट गेली." आमच्याकडे लाइट इतकी जाते की यावर कधी कोणाला शंका आली नाही.

मग नागपूरचा रोल धुणारा माणूस दुकान विकून मुलाकडे राहायला गेला. जग डिजिटल होऊन बराच काळ लोटला होता. मोठेबाबांना ते त्या दिवशी कळलं.

मी एकामागून एक कॅमेरे आणले. पहिला हातात धरून ते म्हणाले, "हा कॅमेरा हाय का साबणदाणी?" दुसरा फोटो काढताना टुंई करायचा, म्हणून त्याच्याशी त्यांचं बोलणं बंद झालं. तिसरा खरंच चांगला होता.

"पण याच्या पाठीले टीव्ही हाय," मोठेबाबा म्हणाले. "फोटो काढला का सारी पब्लिक मांगं येते पाह्याले."

खरं दुखणं मला माहीत होतं. पाठीला टीव्ही आल्यावर डावा खांदा बेकार झाला होता.

"अश्वजित," ते मला म्हणाले, "हिंगणीचं लग्न शेवटचं. याच्यात जमलं नाई तर शटर पाडतो आन् सोयाबीन पाह्यतो."

आमच्याकडे शेत नाही. ते कोणाचं सोयाबीन पाहणार होते, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण कामाला जाताना शीळ वाजवणारा आमच्या खानदानातला हा एकटा माणूस होता. तो घरी बसलेला मला बघवला नसता.

हिंगणीला मी तिसरा कॅमेरा स्टँडवर लावला आणि रिमोट मोठेबाबांच्या हातात दिला. जुना बिनरोलचा कॅमेरा त्यांच्या डाव्या खांद्यावर होताच. त्याच्याशिवाय चालताना तोल जातो, म्हणे.

बुद्धवंदना झाली, हार पडले आणि पब्लिक सुरू झाली. फोटो काढला की माणूस स्टेजवरून उडी मारून स्क्रीनवर. "पोट दिसून राह्यलं, परत काढा." नवरीच्या आत्या सुमित्राबाई तर इतक्यांदा परत आल्या की शेवटी त्यांचा चेहरा आधार कार्डावरच्यासारखा झाला. मोठेबाबांची नजर मंडपाबाहेरच्या सोयाबीनकडे वळू लागली.

तेवढ्यात गोमाजी आले. ते कोणाचे कोण लागतात हे कोणालाच माहीत नाही, पण जिल्ह्यातल्या प्रत्येक लग्नात ते पहिल्या रांगेत असतात. मोठेबाबांनी त्यांना वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर ठेवलं होतं. वीज कंपनीचं अर्धं भारनियमन गोमाजींच्या फोटोंवरच खर्ची पडलं असावं.

त्यांचाही फोटो झाला. त्यांनीही स्क्रीन पाहिली.

"हा म्हतारा कोण होय?"

"तुम्हीच, गोमाजी," मी म्हणालो.

"मी? काऊन बे, मी असा दिसतो?" ते मोठेबाबांकडे वळले. "कवडू, तो जुना कॅमेरा काढ. त्याच्यात माह्या फोटो नेहमी झकास येते."

"तुमी पाह्यला कवा?"

"पाह्याले कायले लागते? काढतानाच समजते!"

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या खांद्यावरचा कॅमेरा डोळ्याला लावला. गोमाजींनी छाती काढली, मान तिरकी केली आणि जे काही दात शिल्लक होते ते सगळे दाखवून हसले. फ्लॅश चमकला. त्याच क्षणी मोठेबाबांच्या दुसऱ्या हातातला रिमोट दाबला गेला. चुकून की मुद्दाम, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

मी स्क्रीन पाहिली. त्या लग्नात इतकं खूश कोणीच नव्हतं. नवरदेवसुद्धा नाही.

मी स्क्रीन गुपचूप मोठेबाबांना दाखवली. मग त्यांनी मंडपात आवाज दिला, "सुमित्राबाई, या! तुमचा जुन्यात काढतो!"

संध्याकाळपर्यंत अख्खं हिंगणी बिनरोलच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं, आणि प्रत्येक फ्लॅशला मोठेबाबांचा दुसरा हात रिमोट दाबत राहिला. मागे कोणीच गेलं नाही, कारण मागे पाहायला काही नव्हतं. परतीच्या बसमध्ये मोठेबाबा शीळ वाजवत होते.

पुढच्या आठवड्यात गोमाजी स्टुडिओत आले. मोठेबाबा फोनवर कारंजाच्या लग्नाची तारीख पक्की करत होते. मी गोमाजींच्या हातात फोटो ठेवला. आयुष्यातला पहिला.

"पाह्य!" त्यांनी बिनरोलच्या कॅमेऱ्यावरून हात फिरवला. "डिजिटल-फिजिटल सब बेकार. कॅमेरा हाच."

"बराबर हाय," मोठेबाबा फोन ठेवत म्हणाले. "आता असा कॅमेरा भेटत नाई."

"पण कवडू, याच्यातनं काढलेले माह्ये आंधीचे सारे फोटो कुठी गेले?"

मोठेबाबांनी तोंड उघडलं, आणि खरोखरच लाइट गेली.