किटलीची सवत

त्या दिवशी ऊन उतरायला लागलं तरी वाटी पुन्हा भरली नव्हती. ओट्यावर, माझ्या शेजारी, उपडी. मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, बस आता तूही माझ्यासारखी.

मी हुमैराच्या घरची शिट्टीची किटली. स्वभावानं घाबरट, ताटली पडली तरी दचकते. कुआला तरेंगानूच्या बाजारातून माकनं, म्हणजे तिच्या आईनं, मला आणलं तेव्हा हुमैरा रांगत होती. पुढे शाळेतून आली की तिला माझ्याच पाण्याचा चहा लागे, वर आटवलेल्या दुधाची धार. मग दुसरा कप, तिसरा. पोर फुगत गेली. सोळाव्या वर्षी जिना चढताना धाप, झोपेत श्वास अडकायचा, रक्तात साखर. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन करून तिचं पोटच आतून लहान केलं.

आणि इस्पितळातून ही सवत घरात आली. प्लास्टिकची वाटी, औषधाच्या टोपणाहून जराशी मोठी. "दिवसभर घोट घोट पाणी पीत राहायचं. एकदम नाही, आणि बंद तर मुळीच नाही," असं डॉक्टरांनी बजावलेलं. हुमैरा तिला दप्तरात न्यायची, उशाशी ठेवायची. माझ्यावर धूळ! जळफळाट होणार नाही तर काय?

मग रमजान आला. "आजाऱ्याला सूट असते, पोरी," माक म्हणाली. पण मैत्रिणी दारातच हसल्या, "काय गं, जाडी होतीस तेव्हा सगळे रोजे धरायचीस. आता कंबर आटली तसं ईमानही आटलं?"

त्या दुपारी माकसमोर हुमैरानं वाटी तोंडाला लावली, आणि माक केळ्याची भजी विकायला बाजारात जाताच ते पाणी मोरीत थुंकली.

रोजा सोडायची बांग व्हायच्या आधी ती ओट्यापाशी आली. बाजारातून परतणाऱ्या माकसाठी चहा करायला तिनं मला भरून गॅसवर चढवलं. किती महिन्यांनी! तिच्या ओठांना पापुद्रे आले होते. तरी मला वाटलं, जिंकले मी.

मग धप्प झालं. हुमैरा फरशीवर आडवी.

पाणी उकळताच मी शिट्टी मारली. पण त्या वेळी गल्लीतली प्रत्येक किटली ओरडत असते. भिंतीपलीकडून शेजारीण काक रोस्नी, म्हणजे रोस्नीताई, खेकसली, "हुमैरा, गॅस बंद कर गं! डोकं उठवलंस!"

माझं पाणी आटत चाललं होतं. ते संपलं की आवाजही संपणार. वाटीला तर आवाजच नाही. बये, राहा तू तिच्या दप्तरात, उशाशी, कायमची राहा. पण कुणीतरी या आणि हिला तुझ्यातून घोटभर पाणी पाजा!

बांग झाली. एकेक घरची किटली गप्प झाली. मी एकटीच राहिले.

"हिची का ओरडतेय अजून?" पलीकडे खुर्ची सरकली. चपला फटफटत दाराशी आल्या.

"हुमैरा? ए हुमैरा! ... या अल्ला! आले गं, आले!"